कानशीने पाडलेली खाच

१

“तुझ्या बाबांचं एक कार्ड कमी आहे,” असं शेजारच्या शिंप्याने सांगितलं, तेव्हा ठकूने ते हसण्यावारी नेलं होतं.

शिंपी आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, आणि टाचण्या न काढताच बोलायची त्याची जुनी सवय. “तीन दिवस खोके उपसतायत. जेवणाचा डबा तसाच परत जातो. मी म्हटलं सापडेल, तर म्हणाले, सापडायचं नाही, कुणीतरी नेलंय. पोरी, मला काही लक्षण बरं दिसत नाही. जरा बस त्यांच्याजवळ.”

“काका, जुन्या संगणकांची चारशे कार्डं आहेत बाबांकडे, त्यातली निम्मी मेलेली. एक कोण कशाला नेईल?” छकुलीला दात येत होते आणि ती कडेवरून आईचा खांदा चावत होती. दवाखान्यात लसीचा नंबर लागायची वेळ झाली होती. “ठेवलं असेल कुठेतरी नि विसरले असतील. वय झालं आता.”

झोपलेल्या पोरीचा श्वास चालू आहे ना, हे नाकाशी बोट धरून दहादा बघणारी ठकू त्या दिवशी बापाला दारातूनच हात हलवून निघून गेली.

पंधरा दिवसांनी तेच शब्द तिला फोनवर परत मिळाले.

“वय झालं त्यांचं, मला समजतं,” पलीकडून एक बाई थंडपणे म्हणाली. “पण म्हणून माझ्या माणसांचे पाय अडवून ठेवायचे का?”

२

ती बाई कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेची मालकीण. कार्यशाळा म्हणजे ती, एक कारागीर आणि भिंतीलगतचं लांब बाकडं. त्या बाकड्यावर पायाची वाट बघणारी माणसं बसायची. उरलेल्या पायाचं माप संगणकात भरायचं, मग संगणकाच्या हुकमावर एक यंत्र फोमच्या ठोकळ्यातून तसाच पाय कोरून काढायचं आणि त्या नमुन्यावर प्लास्टिकची खोळ ओढली जायची. यंत्र वीस वर्षांचं. त्याची तार ज्या पट्टीत बसते, तशी पट्टी नव्या संगणकांत येणंच बंद झालेलं. म्हणून संगणकही वीस वर्षांचाच. तो जिवंत ठेवायचं काम ठकूच्या बाबांचं.

महिन्याच्या सुरुवातीला त्याचं ग्राफिक्स कार्ड गेलं. पडदा काळा. बाबा सकाळी गेले, आपल्या साठ्यातलं दुसरं बसवलं, बारा वाजता परत आले. मालकीणबाई दिवसभर बाहेर होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत कारागिराने बटण दाबलं आणि खोक्यातून धूर निघाला.

उघडून बघितलं तर आत बसवलेलं कार्ड त्या संगणकाचं नव्हतंच. पहिल्या पिढीतली कार्डं जास्त व्होल्टची. पुढच्या संगणकांतल्या मुख्य बोर्डांना त्याच्या निम्म्याहून कमी व्होल्ट लागतात, जास्तीचे गेले की बोर्ड जळतो. चुकून कुणी घालू नये म्हणून दोन्ही कार्डांच्या पायातली खाच वेगवेगळ्या जागी असते. नको ते कार्ड जातच नाही. या कार्डाला मात्र कानस लावून दुसरी खाच पाडलेली होती. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात, ११७.

“योग्य कार्ड मिळालं नाही म्हणून घासून बसवलं,” मालकीणबाईंनी सगळ्या बाकड्यासमोर सांगितलं आणि खोका बाबांच्या दुकानात परत पाठवला. चौदा माणसं पायावाचून बसली होती.

बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पुढेही बोलले नाहीत. अकरा दिवस झाले, ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून होते. चमच्याने भरवलं तर दोन घास. डॉक्टरांनी ठकूला बाहेर नेऊन सांगितलं, की शरीरात काही बिघाड नाही, पण हे असंच चाललं तर होईल.

ठकूने दुकान उघडलं. तिची पदवी संगणकाचीच, आणि तिचं लहानपण या टेबलाखाली गेलेलं. छकुलीला सतरंजीवर बसवून, आजूबाजूचं सगळं बारीकसारीक उचलून, तिने तो जळका खोका उघडला.

कार्ड ज्या स्क्रूने धरलं होतं, तो बोटानेच निघाला. तिने तो उजेडात धरला.

स्क्रू बारीक आट्यांचा होता.

३

“तर?” शिंप्याने विचारलं.

“काका, संगणकात दोन प्रकारचे स्क्रू असतात. जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. कार्डाला जाडच लागतो. बारीक घातला तर नुसता फिरत राहतो. मी सहा वर्षांची होते तेव्हा बाबांनी दोन डब्या करून मला वेगळे करायला बसवलं होतं. जन्मात त्यांनी ही चूक केलेली नाही.”

“म्हणजे दुसऱ्याने बसवलं.”

“आणि ते कार्ड पंधरा दिवस आधी इथून नेलं. तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही.”

शिंप्याने टाचण्या ओठांतून काढून उशीला टोचल्या. तेवढ्यानेही तिला बोलणं बसल्यासारखं वाटलं.

स्क्रू घेऊन ती मालकीणबाईंकडे गेली. “एका स्क्रूवरून मी काय समजू?” त्या म्हणाल्या. चिडलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. छकुलीला त्यांनी खेळायला टेप दिला. “धूर निघाला त्या दिवशी नवीन यंत्रवाला चित्रांचं पुस्तक घेऊन हजर. सातव्यांदा आला. परवडत नाही म्हणून सहादा परत पाठवलाय. आता करू काय? हे बघ, नवीन ठोकळे नमुन्याला मागवलेत, गुलाबी, सहा. अजून हातसुद्धा लावलेला नाही. नेहमीचे करडे मी एकेक माणसाच्या नावाने देते, ते मोजून तसेच आहेत. कोरायला यंत्र कुठेय?”

“त्या दिवशी दुपारी संगणक चालू केला होता कुणी?”

“कारागीर एकटाच होता. म्हणाला, हात लावला नाही, बाई आल्यावरच चालू करू म्हटलं. विचार त्यालाच. डावाउजवा आज सुट्टीवर आहे, आईजवळ.”

त्या कारागिराला सगळे डावाउजवा म्हणत. बाकड्यावरचा एक म्हातारा ते ऐकून फिसकन हसला.

बाहेर पडताच तिला चित्रांच्या पुस्तकासह यंत्रवाला भेटला. हाच, असं तिने मनोमन ठरवून टाकलं होतं. तिने ११७ नंबरचं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं. “हे काय, रेडिओचं आहे का?” त्याने विचारलं. मग तिचा रोख कळून हसला. “ताई, जुनं यंत्र आपोआप मरतं. मी फक्त वाट बघतो. मारायला कोण मेहनत करेल?”

माणूस चिकट होता, पण खोटं बोलत नव्हता. कार्ड त्याने खाचेच्या बाजूनेच धरलं होतं, आणि खाच त्याला दिसली नव्हती.

उरला एकच. त्याच्याविरुद्ध तिच्याकडे काहीही नव्हतं. कारणसुद्धा नाही.

४

तिसरा मजला. दार उघडायला बराच वेळ लागला. आधी काठी वाजली, मग एक पाऊल, मग दुसरं, जरा वेगळ्या आवाजाचं.

“या. माझा दादा आंघोळीला गेलाय,” कारागिराची आई म्हणाली. सत्तरीची, चेहऱ्याने हसरी. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. “बाळ खाली सोड हो, फरशी पुसलेली आहे. तुझ्या बाबांचं ऐकलं मी. फार वाईट वाटलं.”

छकुली पलंगाखाली शिरली. ठकूने वाकून बघितलं, तिथे एक गोणपाटाचं बोचकं होतं, टोकदार काही नव्हतं.

“किती सहज चालता तुम्ही,” ठकू म्हणाली.

“नवा आहे ना. जुना सैल झाला होता, रक्त यायचं. दादाने करून दिला. आता यंत्र असो नसो, तुझ्या पायाची काळजी मिटली, म्हणाला. मला आणखी कोण आहे? पट्टासुद्धा त्याच्याच हाताने लागतो, दर पंधरवड्याला एक घर आत घ्यावा लागतो. दुसऱ्याला जमत नाही.”

कारागीर केस पुसत आला. पन्नाशीचा, बोलायला मऊ. “वाईट झालं तुमच्या बाबांचं,” तो म्हणाला. “वय झालं की हात चुकतो. लोक मग तेवढंच लक्षात ठेवतात.”

“तुम्ही दुपारी संगणक चालू केला नव्हता?”

“नाही. तुमचे बाबा गेले तसा तो बंदच होता. हवं तर बाईंना विचारा.”

“तुम्हाला डावाउजवा का म्हणतात?”

टॉवेल क्षणभर थांबला. “लोकांना काहीतरी लागतं म्हणायला.”

जिन्यात आल्यावर ठकूला छकुलीचं तोंड दिसलं. पोरगी दोन्ही मुठी चोखत होती आणि हनुवटीला काहीतरी लागलं होतं. बोट घालून तिने तोंड साफ केलं, वास घेतला, जीभ बघितली, तळवे रुमालाने खसाखसा पुसले. रंग असेल, खडू असेल, विष नसेल ना. रुमाल तिने घडी करून पर्समध्ये ठेवला, दवाखान्यात दाखवायला लागलाच तर असावा म्हणून.

रुमालावर गुलाबी भुकटी होती.

५

दवाखान्यातल्या बाईंनी पोरीला काही झालं नाही म्हणून सांगितलं. “फोमसारखं दिसतंय,” एवढंच त्या सहज बोलल्या, आणि ठकू तिथल्या खुर्चीतच खिळली.

ती तडक दुकानात गेली. शिंपी मागोमाग आला. “त्या खोक्यात एक गोष्ट राहिली का बघायची?” त्याने विचारलं. “त्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्याकडून चार बोटं पांढरं कापड नेलं होतं. नवं कोरं. तिकडे जाताना दरवेळी नेतात.”

ठकूने कपाळावर हात मारला. कार्यशाळेत कोरण्याची धूळ उडते आणि संगणकाचा पंखा ती आत ओढतो. म्हणून बाबा दर खेपेला पुढचं प्लास्टिकचं तोंड काढून पंख्यापुढे स्वच्छ कापड लावायचे. हे तिथल्या कुणाला माहीत नसायचं. सांगण्यासारखं त्यांना ते वाटतच नसे.

तिने नखाने ते तोंड उचकटलं. कापड जागच्या जागी होतं, आणि वर साय धरावी तशी गुलाबी धूळ बसली होती.

बाराच्या आत कोरं लावलेलं कापड. त्यानंतर संगणक चालूच झाला नाही म्हणतात. मग पंखा कुणासाठी फिरला? सकाळी बटण दाबल्यावर तो फिरला असेल दोन क्षण. एवढी धूळ बसायला तास लागतात, आणि धूळ उडायला शेजारी यंत्र कोरत असावं लागतं.

तिने मालकीणबाईंना फोन लावला. “गुलाबी ठोकळे मोजा.”

पाच होते.

“आणि एक सांगा. डावाउजवा हे नाव कुठून आलं?”

“अगं, आठ वर्षं झाली. त्याने एकाचं डाव्या पायाचं माप उजव्याचं म्हणून भरलं. संगणकाने चूक केली म्हणाला. तुझ्या बाबांना बोलावलं. त्यांनी तपासलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, संगणक बरोबर आहे, बटण दाबणारा चुकलाय. बाकडं हसलं. तेव्हापासून तो डावाउजवा.”

६

ठकूने बाकडं भरलेलं असेल अशीच वेळ निवडली. मालकीणबाई म्हणाल्या, आत बसून बोलू. ती म्हणाली, नाही, इथेच.

खोका तिने टेबलावर ठेवला. छकुली शिंप्याच्या कडेवर.

“धूर निघायच्या पंधरा दिवस आधी तुम्ही माउस दुरुस्तीला घेऊन बाबांकडे आलात, वहीत नोंद आहे,” ती कारागिराला म्हणाली. “बाबा चहा सांगायला बाहेर गेले, ते शिंपीकाकांनी बघितलं. तुम्ही त्यांच्या हातचा नंबर असलेलं जास्त व्होल्टचं कार्ड उचललं. खोळी घासायची कानस तुमच्याकडे होतीच, खाच तुम्ही पाडलीत. मग इथलं चांगलं कार्ड बिघडायची वाट बघितलीत.”

“कोणीही करू शकेल,” तो मऊपणे म्हणाला.

“हो. पण इथे दुपारभर एकटे तुम्ही होतात. बाबांनी बसवलेलं कार्ड उत्तम चाललं. इतकं, की त्यावर तुम्ही एक पाय कोरलात.” तिने कापड टेबलावर पसरलं. शिंप्याने मान डोलावली, हे माझंच, त्या सकाळचं. “करडे ठोकळे बाईंनी नावाने मोजून ठेवलेले, म्हणून गुलाबी घेतलात. मग बाबांचं कार्ड काढलंत आणि ११७ घातलंत. त्यांचा स्क्रू कुठेतरी पडून हरवला, तेव्हा हाताला लागला तो लावलात. बारीक आट्यांचा. आणि सकाळी बाईंच्या साक्षीने बटण दाबलंत.”

तिने रुमाल कापडाशेजारी ठेवला. दोन्हींवर एकच गुलाबी.

“हे माझ्या मुलीच्या तळव्याला तुमच्या पलंगाखाली लागलं. तिथे गोणपाटात नमुना आहे. तुमच्या आईच्या पायाचा. उद्या हे यंत्र मरणार, हे त्या दुपारी जगात एकाच माणसाला माहीत होतं. म्हणून त्याने आधी आपल्या आईची सोय केली. नमुना घरात ठेवला, की पुढचे पाय हाताने करता येतील. बाकीचे चौदा बसले तर बसू देत.”

बाकड्यावर कुणी हसलं नाही. पायावाचून बसलेला एक तरुण कुबडी टेकत उठून उभा राहिला.

कारागीर आपल्या खणाकडे गेला. जुन्या मोज्यात गुंडाळलेलं बाबांचं चांगलं कार्ड काढून त्याने टेबलावर ठेवलं. “चांगली वस्तू फेकवली नाही,” तो म्हणाला. मग ठकूकडे वळला. “तुमचे बाबा एक वाक्य बोलून घरी गेले. मी ते वाक्य आठ वर्षं अंगावर घालून फिरलो. पोरं जिन्यात ओरडायची. आई विचारायची, दादा, हे कुणाला म्हणतात? मला फक्त त्यांना कळायला हवं होतं, सगळ्यांदेखत चुकीचं ठरणं म्हणजे काय ते. त्यांना तर दोनच आठवडे झालेत.”

“दोन आठवड्यांत ते मरायला टेकलेत.”

“माझ्याकडे आई होती. म्हणून मी टेकलो नाही.”

ठकूला त्या क्षणी दया आली असती, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. तिला आली नाही. मालकीणबाईंनी त्याला काढलं, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. घरी येऊन, छकुलीला मांडीवर घेऊन, तिने आसपासच्या चार शहरांतल्या पाय बनवणाऱ्या चारही कार्यशाळांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी शांतपणे, काही न वाढवता, काही न गाळता सगळं सांगितलं. चौथा फोन ठेवला आणि छकुलीला भरवायला घेतलं.

७

बाबांना तिने पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. स्क्रू, कापड, गुलाबी भुकटी. ते भिंतीकडून वळले. किती दिवसांनी त्यांचा आवाज आला, आणि तो बसका होता.

“त्याच्या आईचा पाय नीट बसला का?”

“बाबा, तुम्हाला तेवढंच पडलंय?”

“चांगला कोरला असणार. हात चांगला आहे त्याचा.” “त्याला असं नाव पडलं, हे मला माहीत नव्हतं, ठकू. मी तर संगणकाबद्दल बोललो होतो.”

त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने खाल्लं. आठवड्याने दुकान उघडलं. एका बंद पडलेल्या छापखान्यातून त्यांनी तसल्याच पट्टीचा बोर्ड शोधून काढला, मोज्यातलं कार्ड त्यावर बसवलं, जाड आट्यांच्या स्क्रूने. डिस्क शाबूत होती. चौदाही पाय कोरले गेले. मालकीणबाई स्वतः येऊन सगळ्यांदेखत माफी मागून गेल्या, आणि बाबांनी त्यांना खुर्ची पुसून दिली.

चारही शहरांत कारागिराला कुणी उभं केलं नाही. तो कुठेतरी लांब कामाला गेलाय म्हणतात, आईला घेऊन जाण्याइतकी जागा तिथे नाही. महिना झाला.

पट्टा दर पंधरवड्याला एक घर आत घ्यावा लागतो, हे ठकूच्या कानात राहिलंय. ती दोनदा त्या इमारतीखाली जाऊन उभी राहिली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर दिवा लागतो, एवढं तिने बघितलं. दोरीवरचा टॉवेल दोन्ही वेळा तोच होता, त्याच घडीचा. ती वर गेली नाही. जाणारही नाही. त्या दाराशी उभं राहून तिला काय म्हणता येईल? आणि आपण चुकलो, असं ती अजूनही म्हणत नाही. बाबांच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नाही, आणि शिंप्याकडे परत काही मागायला तिची जीभ वळत नाही.

म्हणून तिने हे सगळं लिहायला लावलं. गल्लीचं नाव देत नाही ती, तिथे राहणाऱ्यांना कळेल. तिचं एवढंच सांगणं आहे: त्या जिन्याने तुमचं जाणं-येणं असेल, तर एकदा वर जा. दार वाजवलं की आधी काठी ऐकू येईल, मग एक पाऊल, मग दुसरं. वेळ लागतो, घाई करू नका. दुसरं पाऊल ऐकूच आलं नाही, तर मात्र थांबू नका. पायाला रक्त येतंय का विचारा. पट्टा सैल असेल तर एक घर आत घ्या, जमलं नाही तरी प्रयत्न करा. जरा बसा त्यांच्याजवळ.

आणि कुणी पाठवलं ते सांगू नका.